परवडणाऱ्या घरांचा कायदा आणि शहरांच्या पळवाटा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले, तेव्हापासून आपल्या वृत्तपत्रात त्याविषयी जे काही छापून येते ते मी नियमाने वाचत आले आहे. २०३० पर्यंत ३५ लाख घरे आणि ७०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक हे आकडे त्यात पुन्हा पुन्हा येतात. परंतु राज्याने ठरवलेली घरे अखेर कोणत्या ना कोणत्या शहराच्या हद्दीत आणि त्या शहराच्या नगररचना विभागाच्या परवानगीनेच उभी राहणार असतात. त्या शहराला ती मनातून नको असतील तर काय होते, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला जातो. मी मूळची नाशिकची, आणि गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहते. राज्य घरे बांधायला सांगते आणि शहरे ती टाळतात, हा झगडा इथे माझ्या डोळ्यांसमोर चालू आहे. त्यात मराठी घरमालकही आहेत. त्यातून आपल्याकडच्या धोरणकर्त्यांनी आणि वाचकांनी घेण्यासारखे बरेच आहे असे वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

कॅलिफोर्नियात १९६९ पासून असा कायदा आहे की प्रत्येक शहराने आपल्या विकास आराखड्यात घरांविषयीचे स्वतंत्र प्रकरण तयार केले पाहिजे. साधारण आठ वर्षांसाठी राज्याचा गृहनिर्माण विभाग प्रत्येक प्रदेशाला किती घरे लागतील हे ठरवतो, प्रादेशिक मंडळ तो आकडा शहराशहरांत वाटते, आणि मग शहराने नकाशावर बोट ठेवून सांगायचे असते की ही घरे आमच्या हद्दीत अमुक अमुक भूखंडांवर होऊ शकतील. आकडा एकगठ्ठा नसतो. काउंटीच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी मिळवणारी कुटुंबे, ५० ते ८० टक्के मिळवणारी, ८० ते १२० टक्के मिळवणारी आणि त्याहून वरची, असे चार गट करून प्रत्येकासाठी वेगळी संख्या दिली जाते. हे गट ऐकून महाराष्ट्रातील वाचकाला म्हाडाचे अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गट आठवतील. इथल्या महागाईची कल्पना यावी म्हणून सांगते, की आमच्या काउंटीत चौघांचे कुटुंब वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक मिळवत असले तरी ते ‘अल्प उत्पन्न’ या व्याख्येत बसते. शाळेतील शिक्षिका, बसचालक असे अनेकजण त्यात येतात.

हे लक्षात घेतले पाहिजे की कायदा शहराला स्वतः घरे बांधायला सांगत नाही. घरे होऊ देण्याइतकी जमीन, उंची आणि दाटी (म्हणजे एका भूखंडावर किती घरे) नियमांत मोकळी करा, एवढेच तो सांगतो. म्हणजे मागणी तशी माफकच आहे, आणि तरीही अनेक दशके शहरे कागद भरून देत राहिली आणि राज्य ते कपाटात ठेवत राहिले. बेव्हर्ली हिल्सचे उदाहरण यासाठी बोलके आहे. २०२१ पर्यंतच्या आठ वर्षांच्या फेरीत या धनाढ्य शहराच्या वाट्याला आलेली घरे होती फक्त ३. ‘हजार’ हा शब्द लिहायचा राहून गेलेला नाही, तीनच घरे. त्यानंतर राज्याने हिशेबाची पद्धत बदलली, गर्दीने एका घरात राहणारी कुटुंबे आणि उत्पन्नाच्या मानाने भाड्यात पिचणारी कुटुंबे मोजायला सुरुवात केली, आणि चालू फेरीत त्याच शहराला ३,१०४ घरांची जागा दाखवावी लागली. संपूर्ण राज्याचा आकडा २५ लाखांवर गेला, त्यांतली १० लाख घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. आमच्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या प्रदेशातील १०९ शहरे व काउंट्यांच्या वाट्याला ४,४१,१७६ घरे आली. सॅन फ्रान्सिस्कोला ८२,०६९, सॅन होजेला ६२,२००, आणि जिथे ॲपल कंपनीचे मुख्यालय आहे त्या क्युपर्टिनोला ४,५८८.

आकडे हाती पडल्यावर शहरांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. वुडसाइड नावाचे श्रीमंतांचे एक छोटे गाव आहे. एका घराच्या भूखंडाचे विभाजन करून तिथे चार घरांपर्यंत बांधू देणारा कायदा राज्याने १ जानेवारी २०२२ पासून लागू केला, तेव्हा या गावाने जाहीर केले की आमची संपूर्ण हद्द हा डोंगरी सिंहाचा, म्हणजे प्यूमाचा, अधिवास आहे आणि म्हणून तो कायदा इथे लागू होत नाही. त्याच गावात मोठाले बंगले बांधायला मात्र त्या प्राण्याची आडकाठी नव्हती. राज्याच्या महाधिवक्त्यांनी फेब्रुवारीत कडक शब्दांत पत्र पाठवल्यावर काही दिवसांतच गावाने माघार घेतली. ॲथर्टन या दुसऱ्या श्रीमंत गावाने आपल्या वाट्याची ३४८ घरे मुख्यतः बंगल्यांच्या आवारातल्या छोट्या जोडघरांतून होतील असे दाखवून पाहिले, आणि राज्याने ते मान्य केले नाही. काही शहरांनी जागांच्या यादीत चालू असलेली दुकाने, भरलेली कार्यालये आणि गजबजलेले वाहनतळ घातले. त्या मालकांचा तिथे घरे बांधण्याचा विचारही नव्हता, आणि यादी करणाऱ्याला ते ठाऊक होते. यादी पूर्ण दिसते, घर एकही होत नाही. ही पळवाट मला सर्वांत वाईट वाटते, कारण उघड विरोध निदान ओळखू तरी येतो.

उघड विरोध केला तो हंटिंग्टन बीचने. समुद्रकाठच्या या सुमारे दोन लाख वस्तीच्या शहराला १३,३६८ घरांची जागा दाखवायची होती. आम्हाला स्वतःची सनद आहे, आमच्या जमिनीचा वापर कसा करावा हे राज्याने सांगू नये, असे म्हणत शहराने मार्च २०२३ मध्ये राज्यावर केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि राज्याने शहरावर लावला. २०२४ मध्ये राज्याच्या न्यायालयाने शहर कायदा मोडत असल्याचा निर्णय दिला, आणि केंद्रीय अपील न्यायालयानेही त्याच वर्षी शहराचा दावा ऐकून घेण्यास नकार दिला. शहराच्या स्वायत्ततेचा मुद्दा मी सहज उडवून लावणार नाही. आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली तरी महापालिकांना खऱ्या अर्थाने अधिकार मिळालेले नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. पण स्वायत्ततेचा वापर शेजारच्या गावावर आपला भार ढकलण्यासाठी होत असेल तर राज्याने मध्ये पडणे भागच आहे, कारण ज्या गरीब कुटुंबाला या शहरात घर मिळाले नाही त्याला इथल्या निवडणुकीत मतही नसते. त्याच्या वतीने बोलणारा राज्याखेरीज दुसरा कोण उरतो?

शहरे अशी का वागतात, याचे सोपे उत्तर ‘श्रीमंतांचा स्वार्थ’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून मालमत्ता कर खरेदी किमतीच्या सुमारे १ टक्क्यावर बांधून टाकला आणि करपात्र मूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर. त्यामुळे नवे घर आले की शाळा, पाणी आणि रस्ते यांचा खर्च येतो, उत्पन्न मात्र फारसे येत नाही. उलट मोठे दुकान किंवा मोटारींचे दालन आले तर विक्रीकराचा वाटा शहराच्या तिजोरीत पडतो. घरे दुसऱ्याकडे आणि दुकाने आपल्याकडे, हा हिशेब प्रत्येक शहराचा कोषाधिकारी मनात करतो. त्याहून जुनी आणि अधिक लाजिरवाणी गोष्ट म्हणजे राज्यघटनेचे १९५० सालचे ३४ वे कलम, ज्यानुसार कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारी पैशाची भाड्याची घरे बांधायची तर स्थानिक मतदारांची संमती घ्यावी लागते. बंगल्यांची वसाहत उभारायला असे मतदान लागत नाही, गरिबांच्या घरांनाच लागते. आणि एका भूखंडावर एकच घर हा नियम १९१६ मध्ये शेजारच्या बर्कली शहरात लागू झाला, त्यामागे विशिष्ट वंशाच्या लोकांना दूर ठेवण्याचा हेतू होता हे आता ते शहरही मान्य करते.

इथे मला स्वतःच्या लोकांविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहराच्या सभेपुढे एका जुन्या वाहनतळाच्या जागी अल्प उत्पन्न गटाच्या चाळीस-एक सदनिका बांधण्याचा प्रस्ताव आला होता. मी पाठिंब्यासाठी दोन मिनिटे बोलायला गेले होते. विरोधात बोलणाऱ्यांच्या रांगेत माझ्या ओळखीची चार मराठी कुटुंबे होती. गणपतीत ज्यांच्या घरी आरतीला जावे, दिवाळीत ज्यांच्याकडे फराळाचे डबे पोहोचवावेत अशी ती माणसे. वाहतूक वाढेल, शाळेचा दर्जा घसरेल, घरांच्या किमती उतरतील असे त्यांनी सभ्य भाषेत सांगितले. त्यांतले एक गृहस्थ डोंबिवलीत दोन खोल्यांत सात माणसांच्या घरात वाढलेले आहेत. मी त्यांना दुष्ट समजत नाही. आयुष्यभराची कमाई एका घरात गुंतवलेल्या माणसाची भीती मला कळते, कारण माझीही कमाई तशीच गुंतलेली आहे. पण माझ्या मुलाच्या बालवर्गात मदतनीस असलेली बाई रोज पहाटे चारला ट्रेसीहून निघून, अल्टामाँटची खिंड ओलांडून साडेसहाला इथे पोहोचत असे आणि संध्याकाळी तितकाच वेळ परतीला लावत असे. मुंबईकर वाचकांनी कसारा आणि कर्जतच्या गाड्यांतली माणसे डोळ्यांसमोर आणली तर हे वेगळे सांगावे लागणार नाही. आमच्या मुलांना दिवसभर जिने सांभाळावे, तिला आमच्या गावात रात्रीपुरतीही जागा असू नये, हे मला त्या सभेत नीट सांगता आले नाही. दोन मिनिटे संपली. प्रस्ताव पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्याही पुढच्या सभेवर, आणि अखेर घरांची संख्या कमी करून कसाबसा मंजूर झाला.

किमती उतरतील या भीतीविषयी एक माहिती इथे द्यायला हवी. न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल या गावाने गरिबांना वगळणारे बांधकाम-नियम केले होते. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये असा ऐतिहासिक निकाल दिला की प्रत्येक गावाने प्रदेशाच्या गरजेतला आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. त्या गावात प्रत्यक्ष परवडणारी वसाहत उभी राहायला २००० साल उजाडले, एवढा विरोध झाला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले: आजूबाजूच्या घरांच्या किमती, गुन्हे आणि कर यांवर वसाहतीचा कोणताही दुष्परिणाम आढळला नव्हता. न्यू जर्सीतही मराठी वस्ती मोठी आहे, आणि या निकालाचे नाव तिथल्या प्रत्येक गावच्या कारभाऱ्यांच्या तोंडी असते. त्याच राज्यात एक वेगळी पळवाटही बराच काळ कायदेशीर होती. १९८५ च्या कायद्याने श्रीमंत गावाला आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या, बहुधा गरीब शहराकडे ढकलता येत असत. २००८ मध्ये ती बंद करावी लागली, कारण घरे झाली तरी गरीब वस्ती गरीब शहरातच साचत राहिली. ‘त्याच प्रकल्पात नको, दुसरीकडे कुठे तरी बांधून देतो’ अशी सवलत मागणाऱ्यांचे म्हणणे ऐकताना हा अनुभव आठवावा.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येते. कॅलिफोर्नियात कायदा १९६९ चा असूनही शहरे हलू लागली ती गेल्या सात-आठ वर्षांत. याचे कारण शहरांचे मन पालटले हे नव्हे. कायदा न पाळल्याचा परिणाम आपोआप घडू लागला, हे आहे. शहराचा आराखडा मुदतीत राज्याच्या निकषांना उतरला नाही, तर २० टक्के घरे कमी उत्पन्न गटाला देणारा प्रकल्प शहराला आपल्या उंचीच्या किंवा दाटीच्या नियमांवर बोट ठेवून नाकारता येत नाही, अशी तरतूद जुन्या कायद्यात १९९० पासून पडून होती. तिला इथे ‘बिल्डर्स रेमेडी’ म्हणतात. कोणी ती वापरत नव्हते. २०२२ मध्ये सांता मोनिकाचा आराखडा काही महिने अमान्य राहिला, आणि तेवढ्या अवधीत या तरतुदीखाली चार हजारांहून अधिक घरांचे अर्ज दाखल झाले. त्यानंतर राज्यभरच्या नगरसभांमध्ये जी धावपळ सुरू झाली ती मी पाहिली आहे. आमच्या प्रदेशाची मुदत ३१ जानेवारी २०२३ होती आणि बहुतेक शहरे ती चुकली, पण पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी राज्याकडून तीन-तीन, चार-चार वेळा परत आलेले आराखडे दुरुस्त करून मान्यता मिळवली. ला कन्याडा फ्लिंट्रिज या शहराने ८० घरांचा असा प्रकल्प अडवला, तर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने शहराच्या विरोधात निकाल दिला. बेव्हर्ली हिल्सला तर डिसेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी बजावले, की मान्य आराखडा होईपर्यंत नवी घरे सोडून इतर बांधकामांच्या परवानग्या देऊ नका. म्हणजे पोहण्याचे तलाव आणि बंगल्यांची दुरुस्ती थांबवा. शहराने अपील केले, आणि त्याच वेळी आराखडाही नीट केला. मे २०२४ मध्ये त्याला राज्याची मान्यता मिळाली. जी गोष्ट पन्नास वर्षांच्या पत्रव्यवहाराने शहराला कळली नव्हती ती या एका आदेशाने कळली.

याउलट अलामेडा या बेटावरील शहराने घेतलेली वाट मला फार आदरणीय वाटते. तिथे १९७३ मध्ये मतदारांनीच बहुमजली घरांवर बंदी घातली होती आणि २०२० मध्ये ती उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला होता. तरीही नगरसभेने उघडपणे सांगितले, की राज्याचा कायदा वरचढ आहे, आम्ही ५,३५३ घरांची जागा दाखवणार आहोत, आणि मुदतीपूर्वीच आराखडा मान्य करून घेतला. लोकप्रतिनिधींनी आपल्या मतदारांसमोर उभे राहून नको असलेली गोष्ट समजावून सांगण्याचे धैर्य दाखवले, हे इथे क्वचितच घडले आहे.

हे सगळे वाचून कॅलिफोर्नियाचा प्रश्न सुटला असे कोणाला वाटू नये. क्युपर्टिनोतील व्हॅल्को हा मोडकळीला आलेला बाजार पाडून तिथे २,४०२ घरे, त्यांतली निम्मी परवडणारी, बांधण्याला राज्याच्या शीघ्र मंजुरी कायद्याखाली २०१८ मध्ये परवानगी मिळाली. विरोधकांचा दावा २०२० मध्ये फेटाळला गेला. आणि तरीही कित्येक वर्षे त्या जागेवरून जाताना मला कुंपण आणि मोकळी जमीनच दिसत राहिली. परवानगी मिळाली तरी पैसा उभा राहावा लागतो, आणि इथे राज्याचाही मोठा दोष आहे. शहरांतल्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था आपल्या वाढीव कराच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम परवडणाऱ्या घरांसाठी बाजूला काढत असत. फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्थसंकल्पाची तूट भरण्यासाठी राज्याने त्या बरखास्त केल्या, आणि घरांच्या हक्काचा तो झरा आटला. त्यानंतर त्याच राज्याने शहरांकडे पूर्वीच्या दुपटीहून अधिक घरांची मागणी केली. परिणामी महागडी घरे ठरल्यापेक्षा जास्त आणि स्वस्त घरे ठरल्यापेक्षा फारच कमी, असे मागच्या फेरीत बहुतेक ठिकाणी झाले. बिल्डर्स रेमेडीतही विकासकाचे हितच पुढे राहते, म्हणून २०२४ मध्ये तिच्यात दुरुस्त्या करून तिला मर्यादा घालाव्या लागल्या. त्या दुरुस्तीत परवडणाऱ्या घरांचा वाटाही २० वरून १३ टक्क्यांवर आला, हे मला पटलेले नाही.

महाराष्ट्राकडे वळते. आपल्याकडेही असाच २० टक्क्यांचा नियम आहे. नोव्हेंबर २०१३ च्या अधिसूचनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के घरे अथवा भूखंड अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे, आणि त्यांचे वाटप म्हाडाने सोडतीतून करायचे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही सर्वसमावेशक गृहनिर्माण योजना कायम राहिली. कोकण आणि पुणे मंडळांच्या सोडतींत या योजनेची घरे दरवेळी येतात, त्यांवर अर्जांच्या राशी पडतात आणि हजारो कुटुंबांच्या आशा त्या एका यादीवर खिळतात. नियम चांगला आहे, असे मी नि:संकोचपणे म्हणते. कॅलिफोर्नियात शहराने फक्त जागा दाखवायची असते, आपल्याकडे घर प्रत्यक्ष हाती पडते. त्या अर्थाने आपला नियम अधिक पुढारलेला आहे.

पण नियमाची किल्ली महापालिकेच्या नगररचना विभागाच्या हाती आहे, आणि ती फिरली नाही तर काय, याचे उत्तर नियमात नाही. माझ्या नाशिकमध्ये २०२२ च्या सुरुवातीला खुद्द तत्कालीन गृहनिर्माणमंत्र्यांनी आरोप केला, की मोठ्या प्रकल्पांना परवानग्या देताना म्हाडाच्या वाट्याची हजारो घरे म्हाडाकडे आलीच नाहीत. विधान परिषदेत तो विषय गाजला आणि महापालिका आयुक्तांची बदली झाली. आरोपात कोणाचा किती दोष हे ठरवणे माझे काम नाही. पण बदलीने एकाही कुटुंबाला घर मिळत नाही, आणि इतकी वर्षे प्रत्येक परवानगीच्या वेळी हा हिशेब जनतेसमोर का नव्हता, हा प्रश्न बदलीनंतरही तसाच राहतो.

४,००० चौरस मीटरची मर्यादा ही दुसरी उघडी खिडकी आहे. लग्नापूर्वी चार वर्षे मी नाशिकमध्ये एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात अभिन्यासाचे नकाशे काढत असे. तेव्हा नागरी जमीन कमाल धारणा कायदा लागू होता, आणि कमाल मर्यादेतून सुटण्यासाठी एका सलग शेतजमिनीचे वाटणीपत्र करून ती दीर, जावा, अज्ञान मुले यांच्या नावांवर तुकड्यातुकड्यांनी दाखवलेली कागदपत्रे माझ्या टेबलावर येत असत. मी त्या रेषा आखलेल्या आहेत. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला त्यात काही वावगे वाटले नव्हते, आज वाटते. १९७६ चा तो कायदा राज्याने २००७ मध्ये रद्द केला तेव्हा त्याच्या अपयशाचे खापर जमिनीच्या कमतरतेवर आणि नोकरशाहीवर फोडले गेले, या तुकड्यांविषयी फारसे कोणी बोलले नाही. आज जिथे ४,००० ची रेषा आहे तिथे ३,९०० चे भूखंड तयार होणारच. त्याला कोणा विशेष लबाड माणसाची गरज लागत नाही. लोकसंख्येच्या अटीचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. पुढची जनगणना लांबत गेल्याने जे शहर केव्हाच दहा लाखांपार गेले असेल तिथल्या विडी कामगाराच्या, यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाला मूळ नियमातले हे संरक्षण केवळ मोजणी न झाल्यामुळे मिळत नाही.

म्हणून राज्याच्या गृहनिर्माण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. ३५ लाखांचे उद्दिष्ट शहरवार आणि उत्पन्न गटवार वाटून जाहीर करावे, म्हणजे कोणत्या महापालिकेने किती उचलायचे हे तिथल्या नागरिकाला कळेल. एकाच मालकाचे किंवा एकाच मूळ गट क्रमांकातून अलीकडे फुटलेले शेजारचे भूखंड २० टक्क्यांच्या हिशेबासाठी एकच धरावेत. म्हाडाचा वाटा ताब्यात आल्याशिवाय त्या प्रकल्पातील उरलेल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देता येणार नाही, अशी व्यवस्था संगणकीय परवानगी प्रणालीतच असावी, म्हणजे ती कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही. आणि एखादी महापालिका सलग दोन वर्षे आपला हिशेब देणार नाही, तर मोठ्या भूखंडांच्या परवानग्यांचा तिचा अधिकार तेवढ्यापुरता राज्याच्या नगररचना संचालनालयाकडे जावा. तो परत कसा मिळेल तेही त्याच नियमात लिहिलेले असावे. अर्थात शहरांकडून एवढे मागताना पाणी, मलनि:सारण आणि शाळांसाठीचा पैसा राज्याने आधी द्यायला हवा. मागणी वाढवून पैसा काढून घेण्याची कॅलिफोर्नियाची चूक आपण करू नये.

आपल्या वृत्तपत्रालाही एक सुचवावेसे वाटते. नाशिक, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली या शहरांत २०१३ पासून ४,००० चौरस मीटरहून मोठ्या किती प्रकल्पांना परवानगी मिळाली आणि त्यांतून म्हाडाला नेमकी किती घरे मिळाली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवून आपण शहरवार तक्ता छापावा. ३,५०० ते ४,००० चौरस मीटरच्या दरम्यान किती भूखंड मंजूर झाले, याचा रकानाही त्यात असावा. नाशिकचा अर्ज करायला मी स्वतः तयार आहे. येत्या डिसेंबरात महिनाभर तिथेच असेन.

आपली विश्वासू,
एक नाशिककर वाचक
सांता क्लारा काउंटी, कॅलिफोर्निया